फॉग लॅम्पसाठी पार्किंग लाइटच्या वायरीला मारलेला जोड तापतो आहे. मूळ वायरिंगमधून करंट कुठून आणि कसा घ्यावा?

घाटमाथा, चिपळूण

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २०१७ सालची लहान पेट्रोल गाडी आहे. नोकरीनिमित्त मी आठवड्यातून दोनदा चिपळूणहून कुंभार्ली घाटाने पाटणला ये-जा करतो. आषाढ-श्रावणात त्या घाटात धुके असे उतरते की पुढच्या वळणाचा कठडासुद्धा दिसत नाही, आणि हेडलाइट अपर केला तर समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. म्हणून मे महिन्यात मी बंपरखाली पिवळ्या काचेचे, प्रत्येकी ५५ वॅटचे दोन हॅलोजन फॉग लॅम्प बसवून घेतले.

बसवणाऱ्या दुकानदाराने डाव्या पार्किंग लाइटची वायर मध्येच सोलली, तिला लॅम्पची वायर पिळून बांधली, वर काळी टेप गुंडाळली आणि स्टिअरिंगखाली एक स्विच दिला. तासाभरात काम झाले. तिसऱ्या दिवशी पार्किंगचा १० अँपिअरचा फ्यूज उडाला. त्याच दुकानात गेलो, तर त्या जागी २० अँपिअरचा फ्यूज बसवून मिळाला आणि आता तो उडणार नाही असे सांगण्यात आले. तो खरोखरच उडाला नाही. मात्र गेल्या आठवड्यात घाट चढताना गाडीत प्लॅस्टिक जळल्याचा वास आला, म्हणून मी कोयनानगरला गाडी बाजूला घेतली आणि बॉनेट उघडले. जोडावरची टेप वितळून चिकट झाली होती, तिच्या दोन्ही बाजूंना चार बोटे अंतरापर्यंत वायरीचे आवरण मऊ पडले होते, आणि आतले तांबे कुठे काळे, कुठे हिरवे दिसत होते. फॉग लॅम्प लावले की मागचा पार्किंग लाइट मंद होतो, हेही आता माझ्या ध्यानात आले आहे.

फॉग लॅम्प मला हवेच आहेत, पण या पद्धतीने नकोत. लॅम्पसाठी करंट नेमका कुठून घ्यावा, जोड सोल्डर करावा (वितळलेल्या कथिलाने) की क्रिंप करावा (धातूची नळी दाबून), आणि वायर किती जाडीची असावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे. पुढच्या महिन्यात डॅशकॅम बसवण्याचाही विचार आहे. गाडी उभी असतानाही तो चालू राहावा अशी इच्छा आहे, आणि तेच दुकान त्यासाठीही कुठलीतरी वायर सोलूनच जोड देईल अशी भीती वाटते.

दसरा चौक इलेक्ट्रिक, कोल्हापूर

मी ३१ वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो आहे. तुम्ही लिहिलेला जोड मी दर पावसाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या बॉनेटखाली पाहतो, त्यामुळे आधी तातडीचे सांगतो आणि मग कारण सांगतो. आजच फॉग लॅम्पची वायर त्या जोडापासून सोडवा, मूळ वायरीचा उघडा भाग तात्पुरता झाकून घ्या आणि २० चा पिवळा फ्यूज काढून तेथे १० चा लाल फ्यूज परत बसवा. लॅम्प नसले तरी गाडी चालेल. आताच्या अवस्थेत मात्र ती रात्री चालवू नका.

आता कारण सांगतो. फ्यूज हा लॅम्पच्या रक्षणासाठी असतो असा बहुतेकांचा समज आहे. तो वायरीच्या रक्षणासाठी असतो. पार्किंग लाइटचा बल्ब ५ वॅटचा असतो. पुढचे दोन, मागचे दोन, नंबर प्लेटचा आणि मीटरमधले उजेड धरले तरी सगळे मिळून तीस-पस्तीस वॅट भरतात, म्हणजे जेमतेम अडीच अँपिअर. तेवढ्यासाठी कंपनी अर्धा स्क्वेअर एमएम छेदाची बारीक वायर देते आणि ते योग्यच आहे. त्याच वायरीवर ११० वॅटचे लॅम्प टाकले की साडेतेरा व्होल्टला आठ अँपिअरची भर पडते. एकूण करंट दहाच्या वर गेला म्हणून फ्यूज उडाला, म्हणजे त्याने आपले काम चोख केले. तेथे २० चा फ्यूज घातल्यावर राखणदारच बाजूला झाला. पात्याचा फ्यूज त्याच्या आकड्याला लगेच उडत नाही, हेही लक्षात घ्या. आकड्याच्या १३५ टक्के करंट गेला तर तो उडायला दहा मिनिटांपर्यंत वेळ घेऊ शकतो. २० च्या फ्यूजसाठी हा करंट २७ अँपिअर होतो. अर्धा स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरीतून २७ अँपिअर गेले, तर दर मीटरला सुमारे २५ वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते. तीच उष्णता टेपने घट्ट बांधलेल्या वायरींच्या जुडग्यात दहा मिनिटे कोंडली तर काय होईल, याचा अंदाज तुम्हाला आता आलाच आहे.

यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. मूळ वायरीतून फक्त इशारा घ्यायचा आणि करंट थेट बॅटरीतून घ्यायचा. हे काम रिले करतो, म्हणजे आतल्या कॉइलला थोडा करंट मिळाला की मोठ्या करंटची वाट जोडणारा स्विच. रिलेच्या पायांवर ३०, ८७, ८५ आणि ८६ असे आकडे छापलेले असतात. बॅटरीच्या धन टोकापासून अडीच स्क्वेअरची वायर काढून ती फ्यूजमार्गे ३० ला द्या, ८७ वरून ती लॅम्पकडे न्या, ८५ गाडीच्या बॉडीला अर्थ करा (म्हणजे पत्र्याला जोडून करंट परत जाण्याची वाट द्या) आणि ८६ ला पार्किंगच्या वायरीतून, तुमच्या स्विचमधून, बारीक वायर आणा. रिलेच्या कॉइलचा रोध साधारण ८५ ओहम असतो, म्हणजे पार्किंगच्या वायरीवर केवळ ०.१६ अँपिअरचा भार येतो. एवढा भार तिला जाणवणारही नाही. बॅटरीजवळचा फ्यूज १५ अँपिअरचा निळा असावा आणि तो टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत असावा. फ्यूज लॅम्पजवळ ठेवणारे पुष्कळ जण पाहिले आहेत. तसे केल्यास बॅटरी ते फ्यूज ही सबंध वायर उघड्यावर पडते, आणि ती कुठे पत्र्याला घासली तर तिला आवरणारे कुणी राहत नाही.

वायर टाकण्यापूर्वी मात्र एक मोजमाप करून घ्या. कुणाकडून तरी मल्टिमीटर मागून आणा. जोड थंड असताना फक्त एक मिनिटभर, इंजिन चालू आणि फॉग लॅम्प लावलेले ठेवून, तीन ठिकाणचे व्होल्ट लिहून घ्या: बॅटरीच्या दोन टोकांमधले, लॅम्पच्या कपलरवरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगवरच्या) दोन वायरींमधले, आणि लॅम्पची काळी वायर व बॅटरीचे ऋण टोक यांच्यामधले. हे तिसरे मोजमाप सगळे विसरतात. तो जोड मी पाहिलेला नाही, पण लॅम्प मंद होण्याचे निम्मे कारण अर्थमध्ये सापडेल असा माझा अनुभव आहे.

घाटमाथा, चिपळूण

मनापासून आभार. शेजाऱ्यांकडून मीटर आणला, एक मिनिटात मोजमापे घेतली आणि लगेच वायर सोडवली. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, लॅम्पच्या कपलरवर ११.२, आणि लॅम्पची काळी वायर व बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये ०.९. म्हणजे २.७ व्होल्ट वाटेतच गेले. त्यांतले ०.९ व्होल्ट अर्थच्या बाजूला गेले, असे मी समजतो. लॅम्पचा अर्थ बंपरच्या आतल्या एका रंगवलेल्या पट्टीवर, रंग न खरवडताच, स्क्रूने दाबलेला निघाला. १० चा फ्यूज परत बसवला आहे.

हार्नेस, चाकण

मी गाड्यांच्या वायरिंग हार्नेसचे, म्हणजे वायरींच्या तयार जुडग्यांचे, काम करणाऱ्या कारखान्यात अभियंता आहे. वरच्या उत्तरातले प्रत्येक वाक्य मला मान्य आहे, आणि आकडे हाती आल्यामुळे आता त्यांचा अर्थ लावता येईल.

हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, तो साधारणपणे व्होल्टच्या साडेतीनाव्या घाताने कमी होतो. त्यामुळे दहा टक्के व्होल्ट कमी झाले तर तीस टक्के उजेड जातो. तुमच्या लॅम्पला साडेतेराऐवजी ११.२ व्होल्ट मिळत होते, म्हणजे तुम्ही पैसे ११० वॅटच्या उजेडाचे दिले आणि घाटात तुमच्या वाट्याला सुमारे निम्मा उजेड आला. उरलेली ऊर्जा वायरीत आणि जोडात उष्णता होऊन गेली. पिळलेल्या, हवा लागलेल्या जोडाचा रोध ०.१ ओहम जरी धरला, तरी आठ अँपिअरला त्या एका जागी ६.४ वॅट उष्णता निघते. पार्किंगचा पेटलेला ५ वॅटचा बल्ब बोटाने धरून पाहिला तर किती चटका बसतो हे आपण जाणतो. हरभऱ्याएवढ्या जागेत, टेपच्या आत, त्याहून जास्त उष्णता तासन्‌तास साठत होती. आणि जोड तापला की तांब्याचे ऑक्सिडीकरण वाढते, त्यामुळे रोध वाढतो, त्यामुळे जोड आणखी तापतो. हे चक्र एकदा सुरू झाले की आपणहून थांबत नाही.

आता जोडाविषयी लिहितो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. कारखान्यात हार्नेसमधले जोड ना पिळले जातात, ना सोल्डर केले जातात. तारांचे पिळे एकमेकांवर ठेवून त्यांवर दाब दिला जातो आणि अल्ट्रासॉनिक कंपनांनी तांबे तांब्याशीच एकजीव केले जाते. त्यावर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आक्रसणारी नळी) चढते, आणि हा जोड जेथे हार्नेस वाकत नाही अशाच जागी ठेवला जातो. हे यंत्र आपल्या घरी नसते, पण त्यामागची तत्त्वे पाळता येतात. जोडात हवा आणि पाणी शिरू नये, तारेचे पदर तुटू नयेत, आणि जोडावर ओढ किंवा वाकण्याचा ताण येऊ नये.

बाजारात चिमट्यासारखे मिटणारे प्लॅस्टिकचे टी-टॅप मिळतात. त्यांतले धातूचे पाते वायरीचे आवरण कापून तांब्याला टेकते. काम पाच सेकंदांत होते, म्हणूनच ते इतके खपतात. पण अर्धा स्क्वेअरच्या वायरीवर जाड वायरीचा टॅप दाबला तर पाते तांब्याचे पदरही कापते, आणि उलट केले तर ते तांब्यापर्यंत नीट पोहोचतच नाही. त्याला कोणतेही सील नसते. कोकणच्या हवेत, बॉनेटखाली तर तो वापरूच नये. केबिनच्या आत, कोरड्या जागी, योग्य मापाचा टॅप नुसत्या इशाऱ्याच्या वायरीवर असेल तर मी एक वेळ डोळेझाक करीन, त्यापलीकडे नाही.

माझी पसंती क्रिंपला आहे. वायर कापून घ्या, एका बाजूला मूळ वायर आणि नवी वायर अशा दोन्ही एकत्र, दुसऱ्या बाजूला मूळ वायरीचे उरलेले टोक, आणि मध्ये त्या मापाची जोडनळी. दाबण्यासाठी रॅचेटचा क्रिंपिंग पक्कड वापरा, कारण तो पुरेसा दाब बसेपर्यंत सुटत नाही. साध्या पकडीने दाबलेली नळी हाताला घट्ट लागते, पण आत पदरांमध्ये पोकळी राहते. दाबल्यावर प्रत्येक वायर जोर लावून ओढून पाहा. निघायची असेल तर ती आताच निघू दे, घाटात नको. वर गोंदाची स्लीव्ह चढवा, आणि गरम केल्यावर तिच्या दोन्ही टोकांतून गोंद किंचित बाहेर आलेला दिसेपर्यंत उष्णता द्या. एकाच हार्नेसमध्ये दोन-तीन जोड असतील तर ते एकासमोर एक न ठेवता मागेपुढे ठेवा.

सोल्डरला माझा विरोध एका कारणासाठी आहे. वितळलेले कथील केशाकर्षणाने पदरांमध्ये चढते आणि आवरणाच्या आतपर्यंत जाते. जेथे ते थांबते तेथे एका बाजूला कडक सळई आणि दुसऱ्या बाजूला मऊ वायर अशी सीमा तयार होते. गाडी सतत थरथरत असते, आणि वायर नेमकी त्याच सीमेवर तुटते. बाहेरून आवरण शाबूत दिसते, म्हणून दोष सापडायला दिवसच्या दिवस जातात.

तुमच्या २०१७ च्या गाडीत पार्किंगचा करंट स्विचमधून सरळ जात असावा, कारण तसे नसते तर आठ अँपिअरच्या भाराने काहीतरी वेगळेच घडले असते. पण हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी सांगणे आवश्यक आहे की नव्या गाड्यांमध्ये दिव्यांना करंट बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे वगैरे चालवणारा गाडीतला छोटा संगणक, देते. ते किती करंट जातो हे मोजत असते. भार वाढला तर ते शॉर्ट झाल्याचे मानून ती वाट बंद करते, आणि कमी झाला तर बल्ब गेला असे मीटरवर दाखवते. काही गाड्यांत दिव्यांना अखंड करंट न देता सेकंदाला शेकडो वेळा तोडून-जोडून दिला जातो. अशा वायरीवरून इशारा घेतला तर रिले टकटकत राहतो, आणि रिव्हर्स लाइटवरून जोडलेला कॅमेरा थरथरते चित्र दाखवतो. अशा गाडीत इशारा इग्निशनबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजवरून घ्यावा. रिलेचे कॉइल बंद होताना उलट दिशेने मोठा व्होल्टचा झटका देते, तो मॉड्यूलपर्यंत जाऊ नये म्हणून आत डायोड किंवा रोध असलेला रिले निवडावा. डायोडचा असेल तर धन आणि ऋण पाय रिलेवरची आकृती पाहूनच जोडावेत.

तीन वायरींना मात्र कोणत्याही कारणासाठी हात लावू नका. पहिल्या म्हणजे पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या कपलरच्या, त्या एअरबॅगच्या असतात. त्यांवर टेस्ट लॅम्प तर सोडाच, मीटरचा ओहमचा कप्पाही लावू नये. दुसऱ्या म्हणजे एकमेकींभोवती पीळ दिलेल्या बारीक जोडवायरी. त्या बहुधा कॅन नेटवर्कच्या असतात. बॉशने १९८६ मध्ये मांडलेली ही पद्धत आज जवळजवळ प्रत्येक गाडीत आहे, आणि त्या दोन वायरींवर सगळी मॉड्यूल्स एकमेकांशी बोलतात. त्यांच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचे रोध असतात. मध्येच जोड मारला तर संदेश बिघडतात आणि एकाच वेळी पाच निरनिराळे इशारे मीटरवर पेटतात. तिसऱ्या म्हणजे सेन्सरच्या वायरी, ज्यांवर मोजायचे व्होल्टच इतके थोडे असतात की आपल्या जोडाचा रोधही इंजिनला चुकीची माहिती देतो.

आणखी एक सवय सोडावी असे कळकळीने सांगतो. करंट आहे की नाही हे पाहण्यासाठी वायरीत सुई टोचली जाते. ते छिद्र डोळ्यांना दिसत नाही, पण पावसात पाणी तेथून आत शिरते आणि पदरांच्या फटींतून वातीतल्या तेलासारखे चढत थेट कपलरपर्यंत जाते. आम्ही प्रत्येक वायरीवर रबराची बारीक रिंग बसवून जो कपलर बंद करतो, त्यात पाणी असे आतल्या वाटेने येते. तपासायचे असेल तर कपलरच्या मागच्या बाजूने पिनेजवळ बारीक प्रोब सरकवावा.

दसरा चौक इलेक्ट्रिक, कोल्हापूर

चाकणच्या साहेबांचे सोल्डरविषयीचे म्हणणे खरे आहे, पण अर्धे आहे, असे मला आदराने सांगावेसे वाटते. मी ट्रकच्या चेसिसवर सोल्डरचे जोड दिले आहेत, आणि उसाच्या हंगामात त्या गाड्या शेतातल्या कच्च्या वाटांनी चालतात. जोड टिकले, कारण जोडाच्या दोन्ही बाजूंना तीन-चार बोटांवर मी वायर जुडग्याला घट्ट बांधतो. कडक भाग आणि मऊ भाग यांची सीमा हलूच दिली नाही, तर ती तुटणार कशी? तुटलेले जोड मी पाहिले ते असे की सोल्डर करून वायर हवेत लोंबकळत सोडलेली होती, किंवा पत्र्याच्या भांड्यांना लावतात ती तेजाबाची पेस्ट वापरली होती. ती पेस्ट वर्षभरात तांबे खाऊन टाकते. राळेचे फ्लक्स असलेलेच कथील वापरावे. ज्याच्याकडे रॅचेटचा पक्कड नाही त्याने साध्या पकडीने अर्धवट दाबण्यापेक्षा नीट सोल्डर करून बांधलेला जोड मी कधीही पसंत करीन.

अर्थविषयी दोन शब्द राहिले. बंपरची पट्टी सोडा. ती रबरावर किंवा प्लॅस्टिकच्या क्लिपांवर बसलेली असू शकते. हेडलाइटचा कंपनीने दिलेला अर्थ ज्या बोल्टला आहे त्याच्या आसपास बॉडीवर जागा शोधा, नाण्याएवढा रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, वायरीच्या टोकाला गोल थिंबल (धातूची कडी) क्रिंप करून दातेरी वॉशरसह कसा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा थर द्या. बॅटरीच्या ऋण टोकाला सेन्सर असलेल्या गाड्यांमध्ये अर्थ थेट त्या टोकाला बांधू नये. तसे केले तर आपल्या लॅम्पचा करंट सेन्सरला चुकवून जातो आणि गाडीचा बॅटरीचा हिशेब चुकतो.

हार्नेस, चाकण

दोन्ही बाजूंनी बांधलेला सोल्डरचा जोड मलाही मान्य आहे. आधार देण्याचा मुद्दा मीच आधी लिहायला हवा होता. आणखी एक गोष्ट पाहून घ्या, कदाचित वायर कापावीच लागणार नाही. पुष्कळ मॉडेलांमध्ये कंपनी सर्व प्रकारांसाठी एकच हार्नेस वापरते, आणि ज्या प्रकारात फॉग लॅम्प दिलेले नसतात त्यातही त्यांचा कपलर बंपरच्या मागे टेपने बांधून ठेवलेला असतो. तो सापडला तर त्याच मापाचा कपलर लावून काम होते. फ्यूज बॉक्समध्ये त्या रिलेची आणि फ्यूजची जागा रिकामी असेल, तेवढी भरावी लागते. अशा वेळी कंपनीने त्या वायरीला जेवढा वॅट ठरवला आहे त्याहून जास्त वॅटचा बल्ब मात्र लावू नका.

बंदरवाट, देवगड

डॅशकॅमचा प्रश्न मागे पडला आहे, आणि त्या वाटेने मी स्वतः ठेच खाल्ली आहे, म्हणून लिहितो.

मी कॅमेऱ्याच्या वायरींचा तयार संच घेतला होता. त्यात तीन वायरी असतात: पिवळी सततच्या करंटसाठी, लाल चावी फिरवल्यावर येणाऱ्या करंटसाठी आणि काळी अर्थसाठी. माझा कॅमेरा उभ्या गाडीत पाव अँपिअर घेत होता. ही रक्कम क्षुल्लक वाटते, पण चोवीस तासांत सहा अँपिअर-तास होतात. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. गणपतीत मी गाडी अंगणात लावली आणि पाच दिवस हलवलीच नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आईला दवाखान्यात न्यायचे होते आणि गाडीने स्टार्टर फिरवायलाही नकार दिला. त्या सकाळची धावपळ मी विसरणार नाही.

व्होल्ट कमी झाल्यावर कॅमेरा बंद करण्याची सोय त्या संचात होती, पण ती ११.८ व्होल्टवर ठेवलेली होती. शांत असलेली पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ ला ती निम्मी उरते, आणि ११.८ ला तिच्यात जवळजवळ काहीच नसते. आता मी ती मर्यादा १२.४ वर ठेवली आहे. कॅमेरा रात्रभर चालत नाही, काही तासांनी बंद होतो. ते मला चालते. तुमची गाडी आठवड्यातून दोनदाच लांब चालत असेल तर तुम्हीही मर्यादा वरचीच ठेवावी, नाहीतर उभ्या गाडीतल्या चित्रीकरणाचा विचार सोडावा.

वायर सोलण्याची येथे मुळीच गरज नाही. फ्यूज बॉक्समध्ये लावायचा फ्यूज टॅप मिळतो. मूळ फ्यूज काढून टॅप त्या खाचेत बसवायचा, मूळ फ्यूज टॅपच्या एका घरात आणि कॅमेऱ्याचा २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज दुसऱ्या घरात. त्याला दिशा असते हे मला कुणी सांगितले नव्हते. फ्यूज काढल्यावर खाचेच्या दोन बाजूंपैकी ज्या बाजूला मीटर १२ व्होल्ट दाखवतो ती पुरवठ्याची बाजू. मूळ फ्यूज आणि नवा फ्यूज या दोघांनाही करंट त्याच बाजूने स्वतंत्रपणे मिळायला हवा. टॅप उलटा बसला तर दोन्ही उपकरणांचा करंट मूळ फ्यूजमधूनच जातो, आणि तुम्ही पार्किंगच्या वायरीवर जे पाहिले त्याची ती लहान आवृत्ती होते. एअरबॅग, एबीएस आणि इंजिनच्या मॉड्यूलचे फ्यूज सोडून द्या. लाल वायरीसाठी १२ व्होल्टच्या सॉकेटचा फ्यूज उत्तम.

काचेच्या बाजूच्या खांबातून वायर आणताना त्या खांबात पडदा एअरबॅग आहे का ते पाहा. असल्यास वायर बॅगच्या मागून, कंपनीच्या जुडग्याला बांधून न्या, बॅगच्या समोरून कधीही नेऊ नका. आणि आपल्याकडच्या उंदरांचा विचार करा. बॉनेटखालून जाणारी प्रत्येक नवी वायर नागमोडी प्लॅस्टिक नळीत घाला. त्याने उंदीर पूर्णपणे थांबतो असे नाही, पण उघडी वायर तो आधी कुरतडतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी शक्य तेथे कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची वायर घ्यावी. साधे तांबे खाऱ्या हवेत आवरणाच्या आतून हातभर हिरवे झालेले मी पाहिले आहे.

घाटमाथा, चिपळूण

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. गेल्या रविवारी गावातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांना हा सगळा मजकूर वाचून दाखवला आणि त्यांच्याबरोबर बसून काम केले. बंपरमागे तयार कपलर सापडतो का ते आधी पाहिले, माझ्या गाडीत तो नव्हता. मग पार्किंगच्या वायरीचा जळका भाग चार-चार बोटे दोन्ही बाजूंनी कापून टाकला, कारण आवरण जेथवर मऊ पडले होते तेथवरचे तांबे काकांना काळे दिसले. मध्ये त्याच जाडीचा नवा तुकडा क्रिंप करून घातला आणि दोन्ही जोडांवर गोंदाच्या स्लीव्ह चढवल्या. बॅटरीपासून अडीच स्क्वेअरची वायर, वीतभर अंतरावर १५ चा फ्यूज, रिले, आणि हेडलाइटच्या अर्थशेजारी खरवडलेल्या पत्र्यावर थिंबल. जुडग्यात नवी वायर जागोजागी बांधली आहे.

पुन्हा मोजमाप घेतले. बॅटरीवर १३.९, लॅम्पवर १३.५, अर्थच्या बाजूला ०.१. लॅम्प अर्धा तास चालू ठेवून प्रत्येक जोडाला हात लावून पाहिला, कुठेही ऊब नव्हती. मागचा पार्किंग लाइट आता मंद होत नाही. मंगळवारी पहाटे घाटात दाट धुके होते, आणि रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी वळण सुरू होण्याच्या बरीच आधीपासून दिसत होती. डॅशकॅम सॉकेटच्या फ्यूजवर टॅपने लावणार आहे, आणि उभ्या गाडीत तो चालू ठेवण्याचा विचार सोडला आहे.

एकच शंका उरली आहे. रिले बॅटरीशेजारच्या पत्र्यावर, पाय वरच्या दिशेने असा बसवला आहे, कारण वायरी तशा सोयीने पोहोचत होत्या. ते चालेल का?

दसरा चौक इलेक्ट्रिक, कोल्हापूर

चालणार नाही. पाय वर असले की पाणी वायरींवरून घरंगळत थेट रिलेच्या घरात उतरते आणि तेथे साचते. रिले उलटा करून पाय खाली येतील असा बसवा, आणि वायरी रिलेच्या खाली थोड्या झोळासारख्या सोडून मग वर न्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल. वायर अपुरी पडत असेल तर जोड देऊन वाढवू नका, बॅटरीकडचा तुकडा नव्याने टाका.

घाटमाथा, चिपळूण

आज संध्याकाळी उलटा करून घेतला. वायर पुरली.